स्पर्धास्थिती, स्मृतिव्यवस्थापनातील
सामायिक माहितीवर दोन किंवा अधिक क्रिया एकाच वेळी चालू असता अंतिम फल त्यांच्या अनिश्चित क्रमावर अवलंबून राहण्याची अवस्था. संगणकाच्या परिचालन प्रणालीत स्मृतीची वाटणी कर्नेल हा गाभा करतो. तेथे असा दोष राहिल्यास संपूर्ण संगणकाची सुरक्षितता धोक्यात येते.

लिनक्समध्ये २०१६ साली उघडकीस आलेला ‘डर्टी काऊ’ हा दोष याचे ठळक उदाहरण होय. केवळ वाचनाची मुभा असलेल्या फाइलीच्या स्मृतीतील खाजगी प्रतिमेवर लिहावयाचे झाल्यास कर्नेल प्रथम संबंधित पृष्ठाची स्वतंत्र प्रत काढतो व नंतर तीवर लिहितो. या दोन पायऱ्यांमधील क्षणी त्याच कार्यक्रमाच्या समांतर धाग्याने ती प्रत टाकून दिल्यास, प्रत निघालीच आहे असे गृहीत धरणाऱ्या कर्नेलच्या हाती मूळ पृष्ठ येई व त्यावरच लेखन होई. परिणामी सामान्य वापरकर्त्यास सर्वाधिकार मिळविता येत. लिनस टॉरव्हॉल्ड्स यांनी २००५ मध्ये केलेली दुरुस्ती अन्य अडचणींमुळे रद्द झाली होती. २०१६ च्या दुरुस्तीत प्रत काढल्याची वेगळी खूण ठेवून, लेखनापूर्वी ती प्रत जागेवर असल्याची खातरी करण्याची तरतूद झाली.

सामायिक माहितीस कुलूप लावणे हा अशा दोषांवरील सर्वसाधारण उपाय आहे. तथापि कुलूप सोडल्यावर आधीची पाहणी ग्राह्य राहत नाही. ती पुन्हा करावी लागते.