आश्वासन न देणारा उमेदवार

निवडणुकीच्या दिवसांत अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कुठल्याही गल्लीतून चालत जा. घरांपुढच्या हिरवळीवर तारेच्या पायांवर खोचलेल्या पाट्या दिसतील. कुणाला गव्हर्नर व्हायचंय, कुणाला शेरीफ. त्याच रांगेत एखादी पाटी म्हणते, अमुक यांना अपील न्यायालयाच्या न्यायाधीशपदी निवडून द्या! पाटीवरचं नाव असतं एखाद्या मुरलेल्या वकिलाचं. वीस-पंचवीस वर्षं अशिलांची बाजू मांडण्यात गेलेली ही व्यक्ती आता सुटीच्या दिवशी दारोदार हिंडते, लोकांशी हात मिळवते आणि मत मागते. कशासाठी? तर न्यायाधीश होण्यासाठी!

आपल्याला हे पटकन पचत नाही. आपल्याकडे वकिलाला उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती व्हायचं तर राज्यघटनेच्या कलम २१७ प्रमाणे किमान दहा वर्षांची वकिली लागते आणि पुढचं सगळं कॉलेजियमच्या हाती. अमेरिकेतही केंद्राच्या न्यायालयांत राष्ट्राध्यक्ष नेमणूक करतात, सिनेट तिला मंजुरी देते आणि न्यायाधीश तहहयात खुर्चीवर राहतो. पण राज्यांची न्यायालयं ही तिथली वेगळीच दुनिया आहे. घटस्फोट, खून, जमिनीचे वाद, अपघाताची भरपाई असे देशातले बहुतेक खटले तिथेच चालतात. आणि तिथल्या बहुसंख्य न्यायाधीशांना कधी ना कधी मतदाराच्या दारात जावंच लागतं.

ओहायोत अपील न्यायालयासाठी उभं राहायला किमान सहा वर्षांची वकिली लागते. निवडून आलं की मुदत सहा वर्षांची. सत्तरी गाठल्यावर पुन्हा निवडून येता येत नाही. पण ज्या कामासाठी एवढी धावपळ करायची, ते काम असतं कसं?

अपील न्यायालयात साक्षीदार येत नाहीत. उलटतपासणी नाही, ज्युरी नाही, सिनेमात दिसतं त्यातलं काहीच नाही. बोर्डाच्या पेपरची फेरतपासणी होते ना, तसंच हे. विद्यार्थ्याला पुन्हा लिहायला बसवत नाहीत. लिहिलेली उत्तरपत्रिका तेवढी पुन्हा बघतात. तीन न्यायाधीश खालच्या कोर्टातल्या कामकाजाचा शब्दन् शब्द उतरवलेला कागद वाचतात, दोन्ही वकिलांचे लेखी युक्तिवाद वाचतात, थोडा वेळ तोंडी म्हणणं ऐकतात आणि मग एकाच गोष्टीचा शोध घेतात: कायदा लावताना खाली चूक झाली का? झाली असेल, तर तिने निकाल बदलला असता का? साक्षीदार खरं बोलत होता की खोटं, हे ठरवण्यात ते सहसा पडतच नाहीत, कारण त्याचा चेहरा खालच्या न्यायाधीशाने पाहिलेला असतो. स्वतःला इतकं आवरणारं सत्तेचं पद दुसरं कुठलं असेल?

म्हणजे बघा, हे काम जवळजवळ अदृश्य. ते मतदाराच्या डोळ्यांसमोर कधीच घडत नाही. तरी बहुसंख्य प्रकरणांत शेवटचा शब्द याच न्यायालयाचा असतो, कारण राज्याचं सर्वोच्च न्यायालय त्यापुढची मोजकीच प्रकरणं ऐकायला घेतं. मतदारसंघही मजेदार. ओहायोच्या बारा अपील जिल्ह्यांपैकी आठवा म्हणजे क्लीव्हलँड शहराची एकच कायहोगा काउंटी, आणि तिथे बारा न्यायाधीश. राज्याच्या दक्षिणेतला चौथा जिल्हा तब्बल १४ काउंट्यांचा आणि न्यायाधीश अवघे चार. तिथल्या उमेदवाराने प्रचाराला किती मैल गाडी हाकायची!

मग ही कल्पना सुचली तरी कुणाला? मला सगळ्यात थक्क करते ती ही गोष्ट. न्यायाधीश राजकारण्यांच्या मुठीत राहू नयेत, म्हणून त्यांना निवडणुकीत उतरवलं गेलं! १८३२ मध्ये मिसिसिपीने आपले सगळे न्यायाधीश लोकांच्या मतांनी निवडायचं ठरवलं. पण लाट आली ती पुढे. १८३७ च्या आर्थिक कोसळीच्या आधी राज्यांच्या विधिमंडळांनी कालवे आणि लोहमार्ग यांपायी बेसुमार कर्जं काढून ठेवली होती. कोसळ झाली, राज्यं बुडीत निघाली आणि लोक विचारू लागले, या आमदारांना लगाम कोण घालणार? न्यायाधीश घालतील म्हणावं, तर त्यांची नेमणूक करणारे तेच गव्हर्नर आणि तेच आमदार. मग न्यायाधीशाला थेट लोकांकडूनच बळ मिळू दे, असा विचार पुढे आला. न्यूयॉर्कने १८४६ च्या नव्या घटनेत हे केलं, ओहायोने १८५१ मध्ये. आणि खरोखरच, निवडून आलेल्या त्या न्यायाधीशांनी विधिमंडळांचे कायदे आधीपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात रद्द ठरवायला सुरुवात केली.

पण एक गाठ तशीच राहिली. उमेदवार म्हटला की आश्वासनं आली. न्यायाधीशाने आश्वासन द्यायचं तरी कसलं? ‘मला निवडून द्या, विमा कंपन्यांना हरवून दाखवतो’ असं म्हणणाऱ्यापुढे उद्या विमा कंपनीचा वकील उभा राहिला तर? म्हणून या प्रचाराला असे नियम आहेत, की दुसऱ्या कुठल्याही पदाचा उमेदवार ते ऐकून हात टेकेल. ओहायोत न्यायाधीशपदाच्या उमेदवाराला आधी प्रचार, पैसा आणि नीतिनियम यांवरचा दोन तासांचा वर्ग पूर्ण करावा लागतो. पुढे येऊ शकणाऱ्या खटल्याबद्दल शब्द द्यायचा नाही. मोजके अपवाद सोडले तर स्वतःच्या तोंडाने देणगी मागायची नाही. ते काम समितीने करायचं. फ्लोरिडात तर एका वकीलबाईंनी देणगी मागणाऱ्या पत्रावर नुसती स्वतःची सही केली, तर प्रकरण थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ती बंदी उचलून धरली.

आणि छातीवरचा बिल्ला? तोही तपासला जातो. ओहायोच्या अकराव्या अपील जिल्ह्यात पूर्वी न्यायाधीश राहिलेल्या एक उमेदवार पुन्हा उभ्या होत्या. त्यांच्या बिल्ल्यावर नाव होतं आणि सोबत ‘न्यायाधीश’ हा शब्द. त्या वेळी त्या पदावर नव्हत्या. तेवढ्यावरून तक्रार झाली आणि २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जाहीर समज दिली, दंडही केला. एका शब्दासाठी! मला हा काटेकोरपणा आवडतो. मत मागणारा माणूस जिथे एका बिल्ल्यापुरतंही खोटं बोलू शकत नाही, अशी निवडणूक आणखी कुठे सापडेल?

२००२ मध्ये मात्र एक खिडकी उघडली. मिनेसोटात उमेदवाराला वादग्रस्त कायदेशीर प्रश्नांवर आपलं मत सांगायलाही मनाई होती. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती पाच विरुद्ध चारने रद्द केली. मत सांगा, शब्द देऊ नका. ही रेघ किती बारीक आहे, ते प्रचारसभेत उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

मग आश्वासन नाही, तर मतदार ठरवतो कशावरून? वकिलांच्या संघटना उमेदवारांच्या मुलाखती घेऊन त्यांना श्रेणी देतात, वर्तमानपत्रं शिफारस करतात. पण मतदान केंद्रात हे आठवतं किती जणांना? पुष्कळ लोक न्यायाधीशांचे रकाने कोरेच सोडतात. जे भरतात त्यांना नाव हा मोठा आधार. कायहोगात आयरिश आडनावांचा दबदबा जुना. तिथल्या बारा जणांच्या अपील न्यायालयात एके काळी तीन गॅलाघर एकाच वेळी होते, आणि त्यातल्या दोघींचं नाव आयलीन! एक आयलीन ए. आणि दुसरी आयलीन टी.

नावाची खरी कमाल टेक्ससमध्ये झाली. १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या जागेसाठी चार्ल्स बॅरो हे अपील न्यायालयातले अनुभवी न्यायाधीश उभे होते आणि वकीलवर्ग त्यांच्या बाजूचा होता. समोर डॉन यारब्रो नावाचे फारसे कुणाला माहीत नसलेले वकील. पण यारब्रो हे नाव टेक्ससच्या राजकारणात गाजलेलं होतं, फक्त दुसऱ्या माणसांमुळे. मतदारांना ओळख पटल्यासारखं वाटलं आणि बॅरो पक्षांतर्गत निवडणुकीतच हरले. पुढच्याच वर्षी यारब्रो यांच्यावर राजीनाम्याची वेळ आली, नंतर खोट्या साक्षीबद्दल शिक्षाही झाली. रिकाम्या झालेल्या त्या खुर्चीवर गव्हर्नरांनी कुणाला नेमलं? चार्ल्स बॅरो यांना!

नावानंतर येतो पैसा. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीविरुद्ध ज्युरीने पाच कोटी डॉलरचा निकाल दिला. अपील व्हायचं होतं. मधे २००४ ची न्यायालयीन निवडणूक आली, आणि कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांनी ब्रेंट बेंजामिन या वकील उमेदवारासाठी सुमारे तीस लाख डॉलर खर्च केले. त्यांच्या बाकी सगळ्या पाठीराख्यांनी मिळून केलेल्या खर्चापेक्षाही जास्त! बेंजामिन जिंकले, बाजूला व्हायला नकार देत अपील ऐकायला बसले आणि निकाल तीन विरुद्ध दोनने उलटला. २००९ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की इथे बाजूला होणं घटनेनेच बंधनकारक होतं. तेही पाच विरुद्ध चारने! नऊ विद्वानांपैकी चौघांना ही गाठ न्यायालयाने सोडवावी असं वाटलं नाही, यावरूनच ती किती घट्ट आहे ते समजतं.

ओहायोने २०२१ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. शंभराहून अधिक वर्षं अंतिम मतपत्रिकेवर न्यायाधीशांच्या नावापुढे पक्ष लिहीत नसत. आता अपील आणि सर्वोच्च न्यायालयाच्या उमेदवारांपुढे तो छापतात, खालच्या कोर्टांच्या उमेदवारांपुढे मात्र नाही. मला ही विभागणी खटकते. ज्यांनी फक्त कायद्याची चूक शोधायची, त्यांच्याच कपाळी पक्षाचा टिळा का?

आणि नॉर्थ कॅरोलायनात काय घडलं पाहा. २०२४ मध्ये अपील न्यायालयाचे न्यायाधीश जेफरसन ग्रिफिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासाठी उभे राहिले, तिथल्या विद्यमान न्यायाधीश ॲलिसन रिग्ज यांच्याविरुद्ध. ५५ लाखांच्या वर मतं पडली आणि ग्रिफिन हरले ७३४ मतांनी. फेरमोजणी झाली, फरक तेवढाच राहिला. त्यांनी ६० हजारांहून अधिक मतांवर हरकत घेतली. ते प्रकरण अपिलात गेलं कुठे? त्यांच्याच अपील न्यायालयात. त्यांच्या तीन सहकाऱ्यांच्या पीठाने दोन विरुद्ध एकने त्यांच्या बाजूने कौल दिला. पुढची पायरी राज्याचं सर्वोच्च न्यायालय, म्हणजे ज्या खुर्चीवरून भांडण होतं तेच. तिथे रिग्ज उठून बाजूला झाल्या आणि उरलेल्यांनी ऐकलं. त्या न्यायालयाने ग्रिफिन यांना मिळालेला दिलासा बराच आक्रसला. अखेर केंद्राच्या एका न्यायाधीशाने, म्हणजे ज्याला कधीच कुणाकडे मत मागावं लागलं नव्हतं त्याने, मतं मोजल्याप्रमाणेच धरा असा आदेश दिला. ७ मे २०२५ ला, मतदानानंतर सहा महिन्यांनी, ग्रिफिन यांनी हार मान्य केली आणि ते अपील न्यायालयातल्या आपल्या कामावर राहिले.