डू_इन्स्टॉलने खाल्लेला दिवस

बोर्डाचा दिवा लागला, लिनक्स सुरू झालं. फक्त ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो आमचा प्रोग्रामच त्यावर नव्हता. बिल्ड मात्र एकही लाल ओळ न दाखवता पार पडला होता.

पुण्यात मी राउटर, मीटर असल्या डब्यांच्या पोटात बसणारं लिनक्स तयार करते. एवढ्याशा बोर्डाला लागेल तेवढंच लिनक्स मुळापासून बांधावं लागतं. त्यासाठी आम्ही 2010 साली जाहीर झालेला योक्टो प्रकल्प वापरतो. त्यात बिल्डसाठी राबतो तो बिटबेक नावाचा प्रोग्राम. नावं ठेवताना मंडळींना भूक लागली असावी, कारण इथे प्रत्येक सॉफ्टवेअरची ‘रेसिपी’ असते.

रेसिपीतली कामं म्हणजे फंक्शनं. डू_फेच कोड आणतं, डू_कंपाइल तो बांधतं, डू_इन्स्टॉल तयार फाइली जागच्या जागी ठेवतं. काही शेलमध्ये लिहितात, काही पायथनमध्ये. (शेल म्हणजे साधा एसएच, बॅशचे लाड इथे चालत नाहीत, हे सांगून नव्या मुलांना मी कंटाळा आणते.)

माझी रेसिपी जेमतेम दहा ओळींची. कंपाइल कसं करायचं ते त्यात नव्हतंच. ते होतं ‘क्लास’मध्ये. सीमेक या बिल्डच्या साधनावर बांधायची सॉफ्टवेअरं ढीगभर. तीच फंक्शनं प्रत्येक रेसिपीत कोण उतरवत बसणार? ती एकदाच सीमेक क्लासच्या फाइलीत लिहिलेली असतात. रेसिपीत ‘इन्हेरिट सीमेक’ म्हटलं की सगळं आयतं मिळतं. बेस नावाचा क्लास तर न मागता प्रत्येकीला चिकटतो. सी++ शिकून आलेले इथे ऑब्जेक्ट शोधत बसतात. तसलं काही नाही, ही नुसती सामायिक फाइल.

मला फक्त एक कॉन्फिग फाइल जास्तीची ठेवायची होती. म्हणून रेसिपीत डू_इन्स्टॉल लिहिलं, आत दोन ओळी. रेसिपीत त्याच नावाचं फंक्शन आलं की क्लासचं मागे हटतं. माझी फाइल बसली, प्रोग्राम बसवणारं काम गेलं. बिटबेक तक्रार कशाची करणार? सांगितलेलं त्याने केलं होतं.

शोधता शोधता संध्याकाळ झाली. प्रत्येक कामात नेमकं काय चालवलं, ते बिटबेक टेम्प फोल्डरात ‘रन’ने सुरू होणाऱ्या फाइलीत ठेवतो. ती उघडली, तर डू_इन्स्टॉलच्या पोटात माझ्या दोनच ओळी. सकाळीच उघडायला हवी होती.

उपाय एका शब्दाचा: डू_इन्स्टॉल:अपेंड. मग क्लासचं काम जसंच्या तसं होतं, माझ्या ओळी शेवटी जोडल्या जातात. नाहीतर आपल्या फंक्शनात आधी सीमेक_डू_इन्स्टॉलला बोलवायचं. 2021पर्यंत ‘अपेंड’आधी अंडरस्कोर असे, आता ही विसर्गासारखी दोन टिंबं.

शब्द वाढवला, बिल्ड लावला, चहाला गेले. परत आले तर प्रोग्राम बोर्डावर हजर. सुरू होताच म्हणाला, कॉन्फिग फाइल सापडत नाही. मी ती भलत्याच फोल्डरात ठेवली होती.