बाग घराशी जोडताना पावसाचे भान हवे

लोणावळा : जुन्या बंगल्याची मागील भिंत उघडून दिवाणखाना बागेशी जोडावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या लोणावळ्यात पहिला विचार पाण्याचा करावा लागतो.

जुन्या दगडी घरात छपराचा भार भिंतीच पेलतात. त्यामुळे भिंत फोडण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याकडून तपासणी करून, टेकू देऊन तुळई बसवणे अनिवार्य ठरते. वाढीव खोलीचा नवा पाया काही प्रमाणात खचतो. तो जुन्या भिंतीत घट्ट गुंतवल्यास तडे जातात. म्हणून दोहोंमध्ये सांधा ठेवतात.

घर व बाग यांचा खरा दुवा म्हणजे पडवी. तिची जमीन खोलीपेक्षा पायरीभर खाली व बागेकडे उतरती असावी. नैर्ऋत्येची झड अडवण्यासाठी छप्पर पुरेसे पुढे आणावे आणि पागोळ्यांखाली चर काढावा.

बांधकामास शहरात नगरपरिषदेची, तर तालुक्यातील प्राधिकरणाच्या हद्दीत २०१५ मध्ये स्थापन झालेल्या 'पीएमआरडीए'ची परवानगी लागते. शहरी भागात वृक्षतोडीस १९७५ च्या कायद्यान्वये स्वतंत्र अनुमती आवश्यक आहे. ज्या आंब्यासाठी भिंत उघडायची, त्याचीच मुळे पायाच्या खोदाईत तुटू नयेत, याचीही दक्षता घ्यावी.