एका आधणाचे चित्रीकरण

चित्रपट पाहून बाहेर पडलेला माणूस नटांविषयी बोलतो, फार तर दिग्दर्शकाविषयी बोलतो. त्या मंडळींना पहाटे चार वाजता चहा कोणी दिला, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या कोणी भारून ठेवल्या, गावच्या पाटलांना आदल्या आठवड्यात कोण भेटून आले, याविषयी कोणी बोलत नाही. आणि तेच ठीक आहे. कारण ही कामे लोकांच्या लक्षात येतात ती बहुधा बिघडल्यावरच. गेल्या हंगामात आमच्या वर्गातील आठ जणांनी कोल्हापूरकडील एका गुऱ्हाळावर बारा मिनिटांचा माहितीपट केला. त्यात माझ्याकडे कॅमेरा नव्हता, निवेदन नव्हते, 'व्यवस्था' होती. संपादक-मंडळाने लेख मागितला तेव्हा या बिनचेहऱ्याच्या खात्याविषयीच लिहावे असे मनात आले. पुढल्या वर्षी आपल्यापैकी कोणी असा उद्योग आरंभलाच, तर थोडा उपयोग व्हावा.

हे खाते काही नवे नाही. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. दादासाहेबांच्या कल्पकतेची चर्चा आपण नेहमी करतो. पण त्या सगळ्या मंडळींना दोन वेळा जेवू घालणे, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड परतवणे आणि फिल्म धुण्याच्या कामाला हात लावणे हे सरस्वतीबाईंनी केले. आजच्या श्रेयनामावलीत एवढ्या कामांना चार निरनिराळी पदे मिळाली असती! याच चित्रपटाच्या बाह्यचित्रणासाठी मंडळी वांगणीला गेली, तेव्हा ढाल-तलवारी घेतलेली माणसे पाहून दरोडेखोर आले असे गावकऱ्यांना वाटले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. शेवटी फाळक्यांनी कॅमेऱ्यात फिल्म न घालताच एक प्रवेश करून दाखवला, तेव्हा कुठे सुटका झाली म्हणतात.

दुसरे उदाहरण बंगालमधले. सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'चे चित्रीकरण ऑक्टोबर १९५२ मध्ये काशफुलांच्या पांढऱ्याशुभ्र माळावर सुरू केले. एक दिवस काम झाले. आठवड्याने मंडळी परत आली तो माळ बोडका! गुरांनी सगळी फुले खाऊन टाकली होती. ते दृश्य पुरे करण्यासाठी पुढचा फुलांचा हंगाम येईपर्यंत थांबावे लागले. फूल असो, ऊन असो की माणूस; ज्याचे चित्र घ्यायचे ते आपल्यासाठी थांबलेले नसते. माझ्या मते व्यवस्थेचा सगळा विचार येथून सुरू होतो.

गुऱ्हाळ तर मुळीच थांबत नाही. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. घाण्यातून निघालेला रस काहिलीत येतो, खाली चुलवाणात चिपाडांचा जाळ चाललेला असतो. चुना आणि रानभेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणतात आणि काढून टाकतात. मग रस आटत आटत पाक होतो. गुळव्या पाकाचा थेंब थार पाण्यात टाकून बोटांनी गोळी होते का बघतो. तापमापकाच्या भाषेत हे सुमारे ११८ अंश सेल्सिअस. गुळव्याला तापमापक लागत नाही. गोळी जमली की काहील उतरवून पाक वाफ्यात ओतायचा, हलवायचा, आणि साच्यात भरायचा. या एका फेरीला आधण म्हणतात. एका आधणाला अडीच ते तीन तास लागतात, आणि त्यातला डोळ्यांत साठवावा असा क्षण, म्हणजे काहील कलंडण्याचा, मिनिटा-दोन मिनिटांत संपतो. तिथे 'पुन्हा एकदा' म्हणता येत नाही. थोडा जरी उशीर झाला तरी पाक करपतो, गुळाचा रंग काळपट पडतो आणि बाजारात दर उतरतो. म्हणजे आमच्या चित्राची किंमत मालकाने मोजायची!

हे मालक साठीच्या पुढचे. आम्ही त्यांना आबा म्हणू लागलो होतो. माणसे मिळत नाहीत म्हणून हाच शेवटचा हंगाम, असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. त्यामुळे 'या वर्षी राहिले तर पुढच्या वर्षी' ही सोयही आम्हांला नव्हती.

चित्रीकरणाआधी आम्ही तिघे नुसती पाहणी करायला दोनदा गेलो. एकदा कॅमेरा न घेता. हे मी मुद्दाम सांगतो. कॅमेरा हातात असला की माणूस चित्रे काढत सुटतो, बघत नाही. त्या दिवशी मी घड्याळ आणि वही घेऊन बसलो. चुलवाण पहाटे चारला पेटते. पहिले आधण सातच्या सुमारास उतरते, तेव्हा नुकते उजाडत असते. दुसरे पावणेदहाच्या आसपास. छपराच्या पूर्वेकडच्या उघड्या बाजूने आठपासून दहापर्यंत ऊन आत येते, आणि काहिलीवरची वाफ त्यात उजळून निघते. वाफ, धूर, धूळ या गोष्टींवर समोरून उजेड पडला तर त्या दिसत नाहीत. मागून पडला तर दिसतात. तेव्हा पश्चिमेच्या भिंतीशी कॅमेरा आणि दुसरे आधण, हे ठरून गेले. दुपारी घाणा तासभर बंद असतो. मुलाखत त्या तासातच, कारण एरवी इंजिनाच्या आवाजात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. शेतीची थ्री-फेज वीज ठरावीक तास, कधी दिवसा कधी रात्री असते. त्या आठवड्याची पाळी वायरमनला विचारून लिहून घेतली.

मग यादी. माहितीपटात दृश्ये ज्या क्रमाने दिसणार त्या क्रमाने ती कधीच घ्यायची नसतात. आम्ही साठ-एक चित्रचौकटींच्या चिठ्ठ्या केल्या आणि त्या जागेनुसार आणि उजेडानुसार लावल्या: पहाटेच्या अंधारातल्या, आठ ते दहाच्या, टळटळीत उन्हात चालतील अशा आणि संध्याकाळच्या. फडातली ऊसतोड चित्रात पहिल्या मिनिटाला आहे, पण ती घेतली दुपारी तीननंतर. एक गठ्ठा वेगळा ठेवला: 'केव्हाही'. हातांचे घट्टे, भिंतीवर खडूने लिहिलेला हिशेब, चिपाडांच्या गंजीवरचे कुत्रे वगैरे. हा गठ्ठा म्हणजे संकटसमयीची शिधाशिदोरी; तिची हकीकत पुढे येईल.

साहित्याचा हिशेब अंकगणिताचा आहे, आणि कला शाखेचे विद्यार्थी तो टाळतात असा माझा अनुभव. आमचा कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहितो. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ गिगाबाइट. दोन कॅमेऱ्यांचे मिळून चार तासांचे चित्रण धरले तर १८० गिगाबाइट. तेव्हा १२८ गिगाबाइटची दोन कार्डे, आणि एखादे रुसले तर असावे म्हणून तिसरे. बॅटरीवर लिहिलेल्या मिनिटांतून मी सरळ तिसरा हिस्सा वजा केला. भारतात विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा, म्हणून छपरातल्या दिव्यांखाली शटर पन्नासांश किंवा शंभरांश सेकंदावर ठेवायचे. नाहीतर चित्र लुकलुकते. आणि थंडीतून आलेला कॅमेरा एकदम वाफेत काढला तर भिंगावर दव धरते. तो पिशवीत बंद ठेवूनच अर्धा तास आत ठेवायचा, मग उघडायचा.

राहिला प्रवास. पहाटे चारला पोचेल अशी एस. टी. नाही. पण संध्याकाळची मुक्कामाची गाडी आहे. मुख्याध्यापकांना प्राचार्यांचे पत्र देऊन मराठी शाळेची एक खोली रात्रीपुरती मागून घेतली. जेवणाचा प्रश्न मात्र मला बॅटऱ्यांपेक्षा अवघड गेला. आठ पाहुण्यांना जेवू घालणे म्हणजे हंगामाच्या दिवसात घरातल्या बाईला आणखी तीन तासांचे काम. आणि पाहुण्यांनी आपले डबे सोडले तर तिचा अपमान. शेवटी आबांच्या घरी आधीच जाऊन काकूंशी तह केला: भाकरी-झुणका आमचा, चहा दोनदा त्यांचा. काकवी त्यांनी तहाबाहेर दिली.

परवानगी म्हणजे केवळ मालकाची सही नव्हे. गुऱ्हाळावर नऊ माणसे होती. प्रत्येकाला काय करणार, कुठे दाखवणार हे सांगितले. चिपाडे वाळत घालणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "माझा फोटू नगं." कारण विचारले नाही. नकाशावर उत्तरेकडचे अंगण रेघांनी भरून टाकले आणि तिकडे कॅमेरा वळणार नाही असे दोन्ही कॅमेरावाल्यांना सांगितले. त्यामुळे आमची एक सुंदर चौकट गेली, असे दिग्दर्शक आजही म्हणतो. म्हणोत बापडे.

नकाशावर आणखी एक रेघ होती, आणि ती जमिनीवरही चुन्याने ओढली. काहील आणि वाफा यांच्यामधल्या वाटेवर कोणीही पाऊल टाकायचे नाही. उकळता पाक अंगावर पडला तर तो पाण्यासारखा ओघळत नाही, चिकटून बसतो. घाण्याच्या पट्ट्याजवळ ओढणी, उपरणे, गळ्यात लोंबणारी वायर, काही नको. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा क्रमांक दिवसाच्या कागदावर सर्वांत वर लिहिला. हा कागद म्हणजे कोण, कुठे, केव्हा, कशासह हे सांगणारे एकच पान. ते छापून प्रत्येकाच्या खिशात दिले, कारण त्या शिवारात मोबाईलला रेंज नसते.

प्रत्यक्ष दिवशी पहिले आधण आम्ही चित्रित केलेच नाही. दोन्ही कॅमेरे बंद ठेवून नुसत्या जागा घेतल्या, कोण कुठून कुठे सरकतो ते पाहिले. फाळक्यांनी वांगणीला नाइलाजाने जे केले ते आम्ही राजीखुशीने केले. पण साडेसहाला घाण्याचा पट्टा तुटला होता. दुरुस्तीला पाऊण तास गेला आणि तेवढेच दुसरे आधण पुढे सरकले. त्या वेळात 'केव्हाही'चा गठ्ठा निघाला. पाऊण तासात चौदा चिठ्ठ्या संपल्या. भिंतीवरच्या हिशेबाचे जे चित्र सर्वांना आवडले ते त्यातलेच.

दुसरे आधण साडेदहाला उतरले. ऊन दाराबाहेर गेले होते. आमच्यापैकी एकाने हळूच सुचवले, की जाळ वाढवून आधण थोडे लवकर घ्यायला सांगितले असते तर? गुळव्याने मान वर केली नाही. आम्ही बॅटरीवरचा एलईडी दिवा पूर्वेच्या खांबाला बांधला, आणि एक कॅमेरा पायरीवर, एक वाफ्याच्या काठाशी लावला. वाफ दिसली. उन्हात दिसली असती तशी नाही. पण काहील कलंडली तेव्हा चौघांच्या खांद्यांना बसलेला ताण दोन्ही बाजूंनी नीट आला, आणि चुन्याच्या रेघेवर एकही पाऊल उमटले नाही.

रात्री आठला काम थांबले. वस्तू यादीप्रमाणे मोजून पेट्यांत भरल्या. कार्डे शाळेच्या खोलीतच दोन वेगळ्या डिस्कवर उतरवली आणि दोन्ही प्रती उघडून पाहीपर्यंत एकही कार्ड पुसले नाही. एक डिस्क माझ्या पिशवीत, दुसरी सरांच्या स्कूटरच्या डिकीत. दोन्ही एका वाहनातून न्यायच्या नाहीत हे कागदावर शेवटच्या ओळीत लिहिलेले होते. पहाटे मुक्कामाची गाडी सुटण्याआधी आबांकडे निरोप घ्यायला गेलो, तर चुलवाण केव्हाच पेटले होते.