चांदीच्या नाण्यावरची नागा राणी

आजीच्या काळचे चांदीचे रुपये पेटीत जपलेली घरे खेड्यापाड्यांत पुष्कळ आहेत. त्यांच्या जोडीला ठेवावे असे एक नवे नाणे आहे. मात्र ते घेताना हिशेब वेगळा करावा लागतो.

राणी गाइदिन्ल्यू यांच्या जन्मशताब्दीनिमित्त केंद्र सरकारने २०१५ साली १०० रुपयांचे हे नाणे काढले. मणिपूरच्या डोंगराळ भागातील रोंगमेई नागा जमातीत १९१५ साली त्यांचा जन्म झाला. डोंगरउतारावर शेती करणाऱ्या या लोकांकडून इंग्रज सरकार घरपट्टी घेई, शिवाय साहेबांची ओझी वाहायला त्यांना वेठीला धरी. त्याविरुद्ध उठलेल्या जादोनांग या त्यांच्या नातलगाला १९३१ साली फाशी झाली. मग या तरुण मुलीने चळवळ हाती घेतली, "पट्टी भरू नका" असे गावोगाव सांगितले. १९३२ साली ती पकडली गेली, जन्मठेप झाली. १९३७ साली शिलाँगच्या तुरुंगात पंडित नेहरू भेटले; 'राणी' हे नाव त्यांचेच. सुटका झाली ती १९४७ साली.

आता हिशेब. नाणे ३५ ग्रॅमचे. त्यात चांदी निम्मी, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. बाकी तांबे, निकेल व जस्त. आजीचा १९४० पूर्वीचा रुपया ११.६६ ग्रॅमचाच, पण त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. सोनार चांदीचे मोल देईल, संग्राहक जादा देईल तो नाण्याच्या स्थितीचे. तेव्हा बी-खताचे पैसे यात अडकवू नयेत. हौस म्हणून एखादे घ्यावे.

घेतलेले नाणे चिंचेने किंवा राखेने घासू नये. चकाकी येते, पण किंमत जाते. माळेत ओवण्यासाठी कडी डाकू नये. कडेला धरावे, कोरड्या जागी ठेवावे.

एवढा खर्च नको असेल, तर याच राणीचे ५ रुपयांचे साधे नाणेही त्याच वर्षी निघाले. ते मुलांच्या संग्रहाला पुरेसे आहे. बिरसा मुंडा यांच्या स्मरणार्थही २०२४ साली नाणे निघाले आहे.

नाण्यासोबत एक चिठ्ठी जरूर ठेवावी: हे कोणाचे, कोणत्या साली, कशासाठी. पुढच्या पिढीला चांदीचे वजन तराजू सांगेल. राणीची गोष्ट ती चिठ्ठीच सांगेल.