कापणीच्या आधीचे आभार

गोव्यात सासष्टी तालुक्यात राय नावाचं गाव आहे. तिथे दर वर्षी ५ ऑगस्टला चर्चमधून मिरवणूक निघते आणि थेट भातशेताच्या बांधावर जाते. पाद्री शेताला आशीर्वाद देतात, विळा हातात घेतात आणि पहिल्या लोंब्या कापतात. त्या चर्चमध्ये नेऊन वेदीवर ठेवतात, मग लोकांना वाटतात. घरी नेलेली लोंबी क्रुसाजवळ मानानं ठेवली जाते. हे कणसांचं फेस्त. गोव्यातल्या अशा फेस्तांत पहिला मान रायचा. ताळगावचं फेस्त त्यानंतर, २१ ऑगस्टला.

आता तारीख पुन्हा एकदा बघा. ५ ऑगस्ट! श्रावण-भादव्याचा पाऊस अजून पडायचा आहे. आसपासची बहुतेक शेतं हिरवीगार आहेत, खरी कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. मधल्या दिवसांत पूर येऊ शकतो, कीड पडू शकते, उभं पीक आडवं होऊ शकतं. कोठारात एक दाणा आलेला नाही आणि गावानं देवाचे आभार मानून टाकलेत. मला या गोष्टीचं फार नवल वाटतं. पोतं घरात आल्यावर कुणीही कृतज्ञ होईल. इथे कृतज्ञता पोत्याच्या कितीतरी पुढे चालते आहे.

नव्या पिकाचा मान ही कोकणपट्टीला ओळखीची गोष्ट आहे. कोजागरीला कोकणात नवान्न पौर्णिमा होते, गोव्यातली हिंदू घरं गणेश चतुर्थीच्या दिवसांत ‘नवें’ पुजतात. मंगळूरचे कोकणी ख्रिस्ती ८ सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्मदिवशी, नवे दाणे दुधातून किंवा खिरीतून घेतात आणि सगळं घर एकत्र जेवतं. वसई, उत्तन आणि मुंबईच्या गावठाणांतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतात. मुंबईत कितीतरी ठिकाणी शेतं इमारतींखाली गेली. लोंबी बाहेरून आणावी लागली तरी आगेरा सुटलेला नाही.

‘आधी आभार’ हा क्रम ख्रिस्ती परंपरेत फार खोलवर आहे. बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय ग्रंथात नियम आहे की हंगामाची पहिली पेंढी याजकाकडे न्यावी आणि तोवर नव्या धान्याची भाकर खाऊ नये, भाजलेला दाणासुद्धा तोंडात टाकू नये. अनुवाद ग्रंथ त्याच्याही पुढे जातो. पहिल्या फळांची टोपली आणणाऱ्यानं नुसती टोपली ठेवून परतायचं नाही. आपले पूर्वज भटके होते, मिसरात गुलाम होते, तिथून देवानं सोडवून आणलं, ही सगळी कथा त्यानं मोठ्यानं सांगायची. आणि मग त्या सुगीच्या आनंदात गावात राहणाऱ्या परक्यालाही सामील करून घ्यायचं. एका टोपलीमागे केवढा इतिहास उभा केलाय!

येशू याच रीतीत वाढलेला यहुदी होता. योहानाच्या शुभवर्तमानात त्याच्यासमोर हजारोंचा जमाव आहे आणि हाताशी जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासे. तो आधी आभार मानतो, वाटप नंतर. त्या क्षणी भाकरी पाचच होत्या. ख्रिस्ती घरात जेवणाआधी डोळे मिटून जी छोटी प्रार्थना होते, तिच्यामागे हा प्रसंग आहे. समोर वरणभात असो की सुकट-भाकर.

जेसुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी तर हा क्रम पश्चात्तापालाही लावला. त्यांचं ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक १५४८ साली छापलं गेलं. दिवसाकडे मागे वळून बघण्याच्या साधनेत त्यांनी पाच पायऱ्या सांगितल्या. मी पहिल्यांदा वाचताना पहिली पायरी पापांची कबुली असणार असंच धरून चाललो होतो. पहिली पायरी आहे मिळालेल्या दानांबद्दल देवाचे आभार. आपल्या चुका दिसाव्यात म्हणून कृपा मागणं हे दुसरं. त्यांचे सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले, तेव्हा ही साधना त्यांच्या अंगी मुरलेली होती.

पण सगळं ठीक चाललेलं नसेल तर? जर्मनीतल्या आयलेनबुर्ग गावचे धर्मोपदेशक मार्टिन रिंकार्ट यांच्याकडे पाहावं. तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं, तटबंदीचं गाव निर्वासितांनी भरलेलं, आणि १६३७ साली प्लेग आला. त्या एका वर्षात रिंकार्ट यांनी ४,००० हून अधिक माणसांचे अंत्यविधी केले. त्यांची पत्नीही त्याच वर्षी गेली. जर्मन चर्चमधलं सर्वांत प्रसिद्ध आभारगीत याच माणसाचं आहे, त्याच युद्धाच्या काळातलं. ते मुळात त्यांच्या मुलांसाठी जेवणाच्या वेळची प्रार्थना म्हणून रचलं गेलं असं मानतात. त्यातही क्रम तोच: पहिल्या कडव्यात आभार, मागणं दुसऱ्या कडव्यात. पुढे योहान सेबास्टियन बाख यांनी या गीतावर संगीत रचलं.

रिंकार्ट यांनी दुःख लपवलं असं मला वाटत नाही. प्रेतं पुरून आलेल्या माणसाला दुःख कोण शिकवणार? मुलांपुढे ताट आलं, एवढं त्यांच्या डोळ्यांना दिसत राहिलं, आणि तेवढं दिसत राहणं हीच माझ्या मते या साधनेची सगळी ताकद आहे.

ही साधना डोळ्यांनी पाहायची असेल तर ५ ऑगस्टला राय गाठा. मडगावहून ते जवळच आहे. नाहीतर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याला वसईत किंवा उत्तनला जा.