साखळ्यांमधील पूल आणि हुंडीची पत

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ मध्ये सुमारे ६५,००० जात प्रमाणपत्रांच्या नोंदी पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर घेण्यात आल्या. अरण्यप्रदेशात पोहोचलेली ही साखळी म्हणजे परस्पर खाडाखोड करता न येणारी खातेवहीच होय.

मात्र एका वहीतील नोंद दुसऱ्या वहीत आपोआप जात नाही. इथेरियमवरील आभासी नाणे पॉलिगॉनवर न्यायचे, तर ‘ब्रिज’ लागतो. मूळ नाणे इथेरियमवर कुलूपबंद होते आणि तितकेच प्रतिनाणे पॉलिगॉनवर निघते. व्यापारी घराण्यांना ही रीत नवी नाही. एका पेढीवर रक्कम जमा होई, दुसऱ्या गावी हुंडी सकारली जाई.

हुंडीचे मोल पेढीच्या पतीवर, तसे प्रतिनाण्याचे मोल त्या कुलपावर अवलंबून असते. मार्च २०२२ मध्ये ‘रोनिन’ ब्रिजच्या नऊपैकी पाच किल्ल्या चोरांच्या हाती लागल्या आणि ५० कोटी डॉलरहून अधिक मूल्याची नाणी गेली.

घरातील तरुण असा व्यवहार करीत असतील, तर त्यांनी नाणे, साखळी आणि पत्ता ही तिन्ही ताडून पाहावीत; प्रथम अल्प रक्कमच पाठवावी. चुकीच्या साखळीवर गेलेले नाणे पुष्कळदा परत मिळत नाही. शिवाय अशा व्यवहारातील नफ्यावर ३० टक्के कर आहे. तोटा मात्र अन्य उत्पन्नातून वजा करता येत नाही.